टाकून दिले जाणारे फोटो आणि दप्तर वाचवताना पहिला हात कशाला लावावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अनेक दशके चाललेला एक फोटो स्टुडिओ बंद होत आहे आणि त्याच इमारतीतील एका जुन्या संस्थेचे कार्यालयही दुसरीकडे हलवले जात आहे. काचेच्या प्लेटा (म्हणजे काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह), फिल्मच्या निगेटिव्हची पाकिटे, छापील फोटो, नोंदवह्या आणि पत्रव्यवहाराच्या फायली असा दोन्हीकडचा साठा चार दिवसांनी कचऱ्यात जाणार आहे. स्टुडिओच्या मालकांनी आणि संस्थेने ‘हवे ते घेऊन जा’ असे तोंडी सांगितले आहे. मदतीला सहा स्वयंसेवक आणि एक छोटा टेम्पो आहे. काय उचलावे, कोणत्या क्रमाने उचलावे आणि उचललेल्याचे पुढे काय करावे, असे विचारले आहे.

अभिलेखागारात जतनाचे काम करताना अशा निरोपांवर मी अनेकदा धावत गेले आहे आणि त्या अनुभवावरून पहिले उत्तर एका वाक्यात देता येते: सगळ्यात आधी नोंदवह्या उचला. फोटोंच्या आधी, काचेच्या प्लेटांच्या आधी, भिंतीवरच्या चौकटीतल्या तसबिरींच्याही आधी. स्टुडिओची नोंदवही ग्राहकांची असो, ऑर्डरची असो की नुसत्या उधारीची असो, ती त्या संपूर्ण साठ्याची किल्ली असते, आणि बघणाऱ्याला ती जुन्या हिशेबाची रद्दी वाटत असल्यामुळे सर्वांत आधी तीच फेकली जाते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून आम्ही दोन दिवसांत सुमारे तीन हजार काचेच्या प्लेटा बाहेर काढल्या. एकही फुटली नाही, याचा आम्हाला फार अभिमान वाटत होता. प्रत्येक प्लेटच्या कडेला, इमल्शनच्या म्हणजे चित्र उमटते त्या थरात सुईने कोरलेला एक क्रमांक होता: ४१७, ४१८, ४१९. काउंटरच्या खणात कापडी बांधणीच्या चार लांबट वह्या होत्या. त्यांत हाताने आखलेले रकाने होते: क्रमांक, नाव, प्लेटचा आकार, प्रती किती, रक्कम जमा की बाकी. आमच्यापैकी एकाने वही उघडून पाहिली, ‘हिशेबाची आहे’ असे म्हटले आणि परत खणात टाकली. टेम्पोत जागा कमी होती, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या दिवशी तो खण काउंटरसकट भंगारात गेला. काही आठवड्यांनी प्लेटा उजेडाच्या पेटीवर एकेक करून ठेवायला घेतल्या, तेव्हा ४१७ म्हणजे काय, हे आमच्या लक्षात आले. एका प्लेटवर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी आहे, तिच्या डाव्या तर्जनीला पट्टी बांधलेली आहे आणि पट्टीच्या गाठीचा दोरासुद्धा त्या निगेटिव्हमध्ये स्पष्ट दिसतो. तिचे नाव त्या वहीच्या एका ओळीत लिहिलेले होते. त्या तीन हजार प्लेटांपैकी नावानिशी ओळख पटलेल्या प्लेटा आजवर शंभरसुद्धा झालेल्या नाहीत.

म्हणून पहिल्या दिवशीचा पहिला तास कशालाही हात न लावता घालवावा, असा माझा आग्रह आहे. हातात चारच दिवस असताना हा तास वाया गेल्यासारखा वाटतो, आणि सहा उत्साही माणसांना एक तास थांबवून ठेवणे सोपे नसते, हे मला माहीत आहे. तरीही त्या तासात प्रत्येक खोलीचे, प्रत्येक भिंतीचे आणि प्रत्येक फळीचे डावीकडून उजवीकडे सलग फोटो काढा. भिंतींना अक्षरे द्या, फळ्यांना वरून खाली क्रमांक द्या आणि खोक्यांवर तीच खूण लिहा, म्हणजे ‘ख भिंत, फळी ३, खोके २’ एवढ्या मजकुरावरून कोणते खोके कुठे होते हे वर्षभरानंतरही सांगता येईल. सहा जणांपैकी एकाला केवळ लिहिण्याचे काम द्या. त्याने ओझे उचलायचे नाही. कोणते खोके कोणी, कोठून आणि कोणत्या वेळी भरले हे त्याने वहीत लिहायचे आणि त्याच मजकुराची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाकायची, कारण बाहेरचे लेबल घासले जाते, भिजते किंवा निघून येते. हे सगळे लिखाण पेन्सिलीने करायचे. शाई ओल लागताच पसरते आणि एका फोटोच्या पाठीवरून दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उतरते.

क्रमाबद्दल इतका आग्रह का, हे थोडे खुलासेवार सांगणे आवश्यक आहे. एका ठिकाणी, एका व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या कामातून जमलेली कागदपत्रे एकत्र ठेवावीत, ती विषयवार फोडून दुसऱ्या साठ्यांत मिसळू नयेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी सूचनेच्या रूपाने मांडले गेले आणि आज जगभरातील अभिलेखागारे त्यावरच उभी आहेत. यामागचे कारण अगदी व्यावहारिक आहे. एखाद्या पत्रावर तारीख नसते, पण ते ज्या दोन पत्रांच्या मधे बांधलेले असते त्यांच्यावर असते. एखाद्या निगेटिव्हवर नाव नसते, पण तिच्या आधीच्या पाकिटावर ‘वार्षिक संमेलन, दुसरा दिवस’ असे लिहिलेले असते. फोटो सुटा झाला की ही साक्ष संपते. जर्मनीतील कोलोन शहराच्या ऐतिहासिक अभिलेखागाराची इमारत ३ मार्च २००९ रोजी कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याखालून बहुतांश साठा बाहेर काढण्यात यश आले. त्यात अनेक स्वयंसेवकांचा हात होता. मात्र कागद हाती आल्यानंतर कोणता तुकडा कोणत्या दप्तरातला, हे शोधण्याचे काम दशकभराहून अधिक काळ चालत राहिले. तुमच्या इमारतीत भिंती अजून उभ्या आहेत आणि फळ्या जागच्या जागी आहेत, ही फार मोठी सोय आहे, ती घाईत आपल्याच हातांनी घालवू नका.

पाकिटे फेकू नका, हे मुद्दाम वेगळे सांगते, कारण प्रत्येक मोहिमेत कोणी तरी ती फेकतोच. निगेटिव्ह काढून नव्या स्वच्छ पाकिटात घालायची आणि जुने पिवळे, तुकडे पडणारे पाकीट टाकून द्यायचे, ही सहजप्रवृत्ती आहे. पण नाव, दिनांक, प्रतींची संख्या, ‘चेहरा उजळ करणे’ यांसारखी सूचना, हे सगळे त्या पाकिटावरच असते. रिकामे पाकीट सापडले तरी ते ज्या जागी सापडले त्याच जागी राहू द्या, कारण त्यावरून निदान काय हरवले आहे हे कळते. प्लेटा ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात त्याचा कागद आम्लयुक्त असल्यामुळे तो कायम ठेवता येत नाही, परंतु टाकण्यापूर्वी त्यावरचा दिनांक आणि प्लेटांवरचे क्रमांक एकाच चौकटीत दिसतील असा फोटो घ्या. गुंडाळी कधीची हे कळले की प्लेटा त्याआधीच्या असाव्यात, एवढा तरी आधार मिळतो.

सगळे नेता येणार नाही, हे धरूनच चालावे. निवड करताना माझा क्रम असा असतो. नोंदवह्या आणि सूचीपत्रे प्रथम. त्यानंतर ज्याची जगात दुसरी प्रत असण्याची शक्यता नाही ते सगळे: संस्थेच्या सभांची इतिवृत्ते, हजेरीपत्रके, सभासदांची नोंदणी, आवक-जावक वह्या, हाताने काढलेले नकाशे, पत्रव्यवहार. त्यानंतर निगेटिव्ह, कारण छापील फोटो निगेटिव्हवरून पुन्हा तयार होऊ शकतो आणि उलट दिशेने तेवढे तपशील कधीच मिळत नाहीत. त्यानंतर मागे मजकूर लिहिलेले छापील फोटो आणि अल्बम, तेही अख्खे. मागे काहीही न लिहिलेले सुटे फोटो त्यानंतर येतात. छापील अहवाल, नियतकालिके आणि पुस्तके शेवटी, कारण त्यांच्या प्रती अन्यत्र ग्रंथालयांत असण्याचा संभव असतो. किरकोळ पावत्यांच्या शेकडो पुस्तकांपैकी दर दहा वर्षांतील एखाद-दुसरे नमुन्यादाखल ठेवले तरी चालते. या क्रमाला अपवाद असतात आणि अनुभवी माणसेही त्यात चुकतात. मी स्वतः एकदा इमारतीच्या दुरुस्तीची बिले निरुपयोगी ठरवली होती. पुढे त्या इमारतीचा एक भाग केव्हा बांधला गेला हे सांगणारा दुसरा कोणताही कागद मिळाला नाही.

देखणे फोटो आधी उचलण्याचा मोह आवरावा लागतो. रस्त्यांचे, दुकानांच्या पाट्यांचे, कामगारांच्या गटांचे, यंत्रांचे, वर्गातल्या बाकांचे फोटो पहिल्या नजरेत नीरस वाटतात, परंतु संशोधक नंतर नेमके तेच मागतात. युजीन आत्झे या छायाचित्रकाराने जुन्या पॅरिसचे रस्ते, जिने, दुकानांची दर्शनी अंगे आणि अंगणे तीसेक वर्षे टिपली आणि आपल्या फोटोंना तो ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ एवढेच म्हणत असे. १९२७ मध्ये तो वारला. त्यानंतर बेरेनिस अ‍ॅबट या तरुण छायाचित्रकर्तीने त्याच्याकडे उरलेल्या हजाराहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आणि हजारो छापील फोटो मिळवले, ते अमेरिकेला नेले आणि चार दशके सांभाळले. १९६८ मध्ये तो साठा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घेतला. आज आत्झेशिवाय छायाचित्रणाचा इतिहास लिहिता येत नाही. हे एका व्यक्तीने, हाती फारसे पैसे नसताना, वेळेवर दाखवलेल्या जिद्दीमुळे घडले. तिने तो साठा फोडला नाही, हेही त्यात तितकेच महत्त्वाचे आहे.

याच्या उलट उदाहरण व्हिव्हियन मायरचे आहे. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या या बाईने आयुष्यभरात एक लाखाहून अधिक फोटो काढले आणि जवळपास कोणालाही दाखवले नाहीत. भाडे थकल्यामुळे २००७ मध्ये तिच्या गोदामातील सामान लिलावात गेले आणि ते वेगवेगळ्या खरेदीदारांत वाटले गेले. फोटो वाचले, याबद्दल त्या खरेदीदारांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र साठा विभागला गेल्यामुळे तिने काय, कोणत्या क्रमाने, कशाबरोबर ठेवले होते हे पुन्हा जुळवावे लागले, आणि २००९ मध्ये तिच्या मृत्यूनंतर हक्काच्या प्रश्नावरून न्यायालयीन वाद उभा राहिला, कारण निगेटिव्ह विकत घेणाऱ्याला त्यांचा प्रताधिकार आपोआप मिळत नाही.

इथे परवानगीचा मुद्दा येतो आणि तो टेम्पो भरण्याआधी निकालात काढायला हवा. तोंडी ‘घेऊन जा’ पुरेसे नाही. दोन ओळींचे पत्र करा: कोण देत आहे, कोणाला देत आहे, कोणत्या जागेतील कोणता साठा, कायमचा देत आहे की सांभाळायला, आणि पुढे एखाद्या सार्वजनिक संस्थेला सुपूर्द करण्याची मुभा आहे का. देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार आहे ना, हेही विचारा, कारण संस्थेचा कारकून स्वतःच्या जबाबदारीवर दप्तर देऊ शकत नाही. सरकारी किंवा न्यायालयीन नोंदी त्यात असतील तर त्यांना वेगळा कायदा लागू असतो, त्या परस्पर नेऊ नयेत आणि संबंधित अभिलेखागाराला लगेच कळवावे. फोटो हाती येणे, त्यांचा प्रताधिकार असणे आणि ते प्रसिद्ध करण्याची मोकळीक असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेच्या फायलींत लोकांच्या आजारपणाची, शिस्तभंगाची, कौटुंबिक अडचणींची कागदपत्रे असू शकतात. ती वाचवावीत, पण खोके बंद करून, वेगळी खूण करून ठेवावीत. त्यांचा फोटो काढून कौतुकाने कोणाला पाठवू नये.

आता जिवाशी संबंधित असलेला भाग, आणि हा प्रत्येक स्वयंसेवकाने काम सुरू करण्यापूर्वी समजून घेतलाच पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तयार झालेल्या पुष्कळशा फिल्मचा आधार सेल्युलोज नायट्रेटचा होता. हे रसायन अत्यंत ज्वलनशील आहे, आणि जळताना ते स्वतःच प्राणवायू पुरवत असल्यामुळे पाणी किंवा वाळू टाकून ते सहज विझत नाही. त्यातून निघणारा वायू विषारी असतो. अमेरिकेतील क्लीव्हलँडमधील एका रुग्णालयात १५ मे १९२९ रोजी तळघरात ठेवलेल्या नायट्रेटच्या क्ष-किरण फिल्म पेटल्या आणि १२३ माणसे दगावली. त्यांपैकी बहुतेकांचा जीव आगीने नव्हे, तर वायूने घेतला. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ असा शब्द छापलेला असेल तर ती नायट्रेटची नसते, असे साधारणपणे धरता येते. असा शब्द नसलेली जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते असे समजूनच वागावे. पिवळसर किंवा तपकिरी पडलेली, चिकट झालेली, मधासारखे बुडबुडे आलेली, एकमेकींना घट्ट चिकटलेली किंवा डब्यात तपकिरी भुकटी होऊन पडलेली फिल्म दिसली आणि तिखट, नाकाला झोंबणारा वास आला, तर तो डबा हलवू नका, खोली हवेशीर करा, कोणालाही जवळ विडी-सिगारेट ओढू देऊ नका आणि अग्निशमन दलाला कळवून सल्ला घ्या. तुकडा कापून पेटवून पाहण्याची ‘चाचणी’ कोणी सुचवली तर ठामपणे नकार द्या. चांगल्या स्थितीतील नायट्रेट निगेटिव्ह मात्र फेकायच्या नसतात. त्या इतरांपासून वेगळ्या, हवाबंद न केलेल्या डब्यात, सावलीत आणि थंडाव्यात ठेवायच्या. उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत तर त्या क्षणभरही ठेवू नयेत.

थंडाव्याने काय साधते याचे एक थक्क करणारे उदाहरण कॅनडातील डॉसन सिटीचे आहे. मूकपटांच्या काळातील नायट्रेट रिळे तिथे १९२९ मध्ये जुन्या जलतरण तलावाच्या खड्ड्यात भराव म्हणून पुरली गेली होती. १९७८ मध्ये बांधकामासाठी जमीन उकरताना ती सापडली. कायम गोठलेल्या जमिनीत जवळजवळ पन्नास वर्षे राहिलेल्या त्या ५३३ रिळांतील बराच भाग पाहण्याजोगा निघाला आणि इतरत्र नामशेष झालेले कितीतरी चित्रपट त्यांतून परत मिळाले.

‘सेफ्टी’ लिहिलेल्या फिल्मही निर्धोक नसतात, फक्त त्यांचा धोका माणसाला नसून त्यांच्या शेजाऱ्यांना असतो. या फिल्म बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या असतात. अ‍ॅसिटेटची फिल्म खराब होऊ लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती आक्रसते आणि इमल्शनचा थर सुरकुत्या पडून वर उचलला जातो. ही प्रक्रिया स्वतःलाच वेग देत जाते आणि तिची वाफ त्याच खोक्यातील चांगल्या फिल्मनाही लागण करते. म्हणून वास येणारी पाकिटे मूळ जागेची चिठ्ठी लावून वेगळ्या खोक्यात काढा. नायट्रेटच्या फिल्म सोडल्या तर हा एकच अपवाद असा आहे, जिथे मी क्रम मोडायला सांगते.

काचेच्या प्लेटा हाताळताना कापडी हातमोजे नकोत. कापड काचेवरून सटकते. नायट्राइलचे पातळ मोजे घाला आणि प्लेट दोन समोरासमोरच्या कडांवर तळहातांनी धरा. चकचकीत बाजू काचेची आणि किंचित मंद दिसणारी बाजू इमल्शनची असते. त्या मंद बाजूला बोट, ब्रश, कापड किंवा पाणी यांपैकी काहीही लागू देऊ नका. १८५१ पासून वापरात आलेल्या कोलोडियनच्या (एका चिकट द्रावाचा थर दिलेल्या) प्लेटा आणि १८७१ नंतर आलेल्या जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा अनोळखी नजरेला सारख्याच दिसतात, पण एकीला जे चालते ते दुसरीचा थर धुऊन टाकू शकते, त्यामुळे जागेवर सफाई करण्याचा विचारच सोडून द्या. प्लेटा लांब कडेवर उभ्या ठेवायच्या. आडव्या रचल्या तर वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात. मजबूत छोट्या खोक्यात, दोन प्लेटांच्या मधे कागद किंवा पुठ्ठा देऊन, एका माणसाला न वाकता उचलता येईल इतक्याच भरा, कारण काचेचे वजन अंदाजापेक्षा नेहमी जास्त निघते आणि तळ फाटलेले खोके जिन्यात सावरता येत नाही. खोक्यात पोकळी राहिली तर चुरगळलेला कागद भरा. टेम्पोत खोकी अशी ठेवा की प्लेटांच्या कडा प्रवासाच्या दिशेकडे राहतील, म्हणजे ब्रेकचा धक्का काचेच्या सपाट अंगावर न येता कडेवर येईल. फुटलेल्या प्लेटा टाकायच्या नाहीत आणि चिकटपट्टीने जोडायच्याही नाहीत. तुकडे एकमेकांना घासणार नाहीत असे वेगवेगळे, सपाट पुठ्ठ्यावर ठेवून न्यायचे.

अल्बममधून फोटो सोडवू नका. पानांवरचा क्रम आणि फोटोंखालचा मजकूर हा अल्बमचा अर्धा जीव असतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो कायमचे अडकत जातात हे खरे आहे, पण ते सोडवणे हे टेबलावर बसून, उजेडात, एकेका फोटोला वेळ देऊन करण्याचे काम आहे. रबर, गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा सहज निघत असतील तरच काढा. लहान डबीत, काचेखाली, झाकणासह बसवलेले जुने फोटो मिळाले तर ती डबी उघडू नका, कारण त्यांतील डॅगेरोटाइपच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या काळातील फोटोच्या, चांदीच्या पृष्ठभागावर नुसते बोट टेकले तरी कायमचा ओरखडा उठतो.

तळघरातला काही भाग भिजलेला असण्याची शक्यता धरा. ओल्या कागदावर आणि फोटोंवर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून भिजलेल्या गोष्टींना पहिल्या दिवशी हात घालावा लागतो. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून वेगळे करू नका आणि चिकटलेल्या अवस्थेत वाळूही देऊ नका. ते स्वच्छ थंड पाण्यात थोडा वेळ ठेवले तर बऱ्याचदा आपणहून सुटतात, मग चित्राची बाजू वर करून सावलीत पसरावेत. हात पुरत नसतील तर ओल्या फायली आणि छापील फोटो छोट्या पिशव्यांत घालून गोठवणे हा वेळ विकत घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. काचेच्या प्लेटा मात्र गोठवू नयेत, आणि कोलोडियनच्या असण्याची शंका असेल तर पाण्यातही बुडवू नयेत. बुरशी दिसत असेल तिथे चांगला मास्क लावल्याशिवाय कोणालाही काम करू देऊ नका. जपानमध्ये मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात सापडलेले लाखो कौटुंबिक फोटो स्वयंसेवकांनी अशाच साध्या साधनांनी, पाणी, मऊ ब्रश आणि दोरीवरचे चिमटे एवढ्यावर, स्वच्छ केले आणि ओळख पटवण्यासाठी लोकांपुढे मांडले. त्या कामाला प्रयोगशाळा लागली नाही, धीर लागला.

स्कॅनिंगबद्दल नेहमी विचारले जाते, म्हणून थोडक्यात. या चार दिवसांत स्कॅनिंग करू नका. मोबाइलवर काढलेले फोटो जागेची आणि क्रमाची नोंद म्हणून अमूल्य आहेत, पण मूळ वस्तू टाकून देण्याचे निमित्त म्हणून ते वापरले जाऊ नयेत. पुढे सावकाश स्कॅन करताना मूळ फाइल टिफ (TIFF) या, चित्राचे तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा, पाकिटावरचा मजकूर आणि फोटोची मागची बाजूही टिपा, आणि तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवा.

साठा कुठे ठेवायचा हे पहिले खोके हलण्याआधी ठरलेले असावे. अनेक मोहिमा इथेच फसतात: साठा कोणाच्या तरी घरी ‘तात्पुरता’ जातो, माळ्यावर चढतो, उन्हाळे-पावसाळे सोसतो आणि पंधरा वर्षांनी त्या घरातून पुन्हा कचऱ्याच्या वाटेला लागतो. माळा आणि तळघर या दोन्ही जागा टाळा. एकात तापमान फार चढते, दुसऱ्यात ओल असते. आजच जवळचे अभिलेखागार, विद्यापीठाचे ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय यांना फोन करा आणि ‘आमच्याकडे जुने फोटो आहेत’ असे मोघम न सांगता किती खोकी, कोणत्या काळातली, कशाची आणि नोंदवह्या सोबत आहेत की नाहीत हे सांगा. नोंदवह्यांसह आलेल्या साठ्याला संस्था सहसा होकार देतात. बेवारशी फोटोंच्या ढिगाला त्या बहुधा नाही म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते रास्तही आहे. नकार आला तर कारण विचारा आणि दुसरी कोणती संस्था सुचवाल, हेही विचारा.

माणसे हाही साठ्याचा भाग आहे. स्टुडिओचे मालक आणि संस्थेतील सर्वांत जुना कर्मचारी यांना या चार दिवसांत कोणत्याही एका दुपारी फळ्यांसमोर उभे करून त्यांच्याशी बोला आणि ध्वनिमुद्रण करा. पाकिटांवरच्या खुणांचा अर्थ काय, लाल रेघ म्हणजे काय, क्रमांक दर वर्षी नव्याने सुरू होत की सलग चालत, एखादी वही कोणाकडे नेली गेली आहे का, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते. आमच्या त्या चार वह्यांच्या बाबतीत काउंटरमागे तीस वर्षे बसलेले एक गृहस्थ तेव्हा हयात होते आणि जिन्यात आमची वाट अडू नये म्हणून बाजूला उभे होते. आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

चौथ्या दिवशी, जागा सोडण्यापूर्वी, जे नेता आले नाही त्याची नोंद करा. मागे राहिलेल्या प्रत्येक फळीचा फोटो काढा, किती फायली, कोणत्या वर्षांच्या, कोणत्या विषयाच्या, हे लिहिणाऱ्याच्या वहीत शेवटी लिहा आणि ते का सोडले तेही लिहा: जागा नव्हती, बुरशी होती, दुसरी प्रत उपलब्ध होती. त्या पानांवर हजर असलेल्या सर्वांनी सही आणि दिनांक घालावा, आणि ती वही साठ्याबरोबर, पहिल्या खोक्यात, नोंदवह्यांच्या वर ठेवावी.